एका घरात पत्ते वाटणारा एकच असावा

वाचकांचे प्रश्न : घरातील संगणक आणि इंटरनेट

प्रश्न : इंदूरच्या लोकमान्यनगरात आमचे दुमजली घर आहे. खाली आई-वडील आणि आम्ही राहतो, वर थोरले दादा आणि वहिनी. घरात फायबरचे इंटरनेट घेतल्यावर वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचेना, म्हणून जुना राउटर वर बसवला आणि खालच्या मोडेममधून आलेली वायर त्याच्या चार पिवळ्या पोर्टांपैकी एकात जोडली. तेव्हापासून प्रिंटर मधूनच ‘ऑफलाइन’ दाखवतो, लॅपटॉपवर आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट झाल्याची, म्हणजे नेटवर्कवरचा एकच पत्ता दोन उपकरणांकडे असल्याची सूचना येते आणि सीसीटीव्हीचे चित्र मोबाईलवरून नाहीसे होते. सगळे बंद करून चालू केले की दोन-तीन दिवस ठीक चालते. वीज जाऊन आली की मात्र हमखास बिघडते. एक परिचित म्हणतात की शेजाऱ्यांच्या राउटरचा क्रमांकही आमच्यासारखाच १९२.१६८.१.१ असल्यामुळे हे होते. दुकानदार नवा राउटर घ्या म्हणतो. काय करावे?

उत्तर : शेजाऱ्यांच्या राउटरचा यात काहीही संबंध नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या तीन गटांपैकी एका गटातले आहेत, आणि ही व्यवस्था फेब्रुवारी १९९६ पासून चालत आली आहे. हे पत्ते घरातल्या राउटरच्या बाहेर जातच नाहीत. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक घरात १९२.१६८.१.१ असला तरी कोणाचे कोणाला अडत नाही. नव्या राउटरचीही गरज नाही. आज जुना राउटर ज्या रीतीने जोडला आहे, त्याच रीतीने नवा जोडला तर तोही हाच त्रास देईल.

मूळ दुखणे असे आहे की आपल्या घरात पत्ते वाटणारे दोन झाले आहेत. कोणतेही उपकरण नेटवर्कला जोडले गेले की ते सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने पत्ता मागते, आणि राउटरमधील डीएचसीपी सर्व्हर आपल्या यादीतला एक मोकळा पत्ता त्याला ठराविक मुदतीसाठी देतो. पिवळ्या पोर्टातून जोडल्यामुळे खालचा मोडेम आणि वरचा राउटर एकाच नेटवर्कचे भाग झाले आहेत, आणि दोघांचेही डीएचसीपी सर्व्हर चालू आहेत. ज्याचे उत्तर आधी पोहोचेल त्याचा पत्ता उपकरण घेते. दोघांच्या याद्या वेगळ्या, दोघांनाही दुसऱ्याने कोणाला काय दिले याची खबर नाही. मग वरच्या राउटरने वहिनींच्या फोनला दिलेला पत्ता खालच्या मोडेमने प्रिंटरला देणे हे आज ना उद्या घडणारच.

येथे एक रास्त शंका निघते, की पत्ता वापरण्याआधी उपकरणे तपासून का पाहत नाहीत? बहुतेक आधुनिक उपकरणे तपासतात. ‘हा पत्ता कोणाकडे आहे का’ असे ती आधी नेटवर्कवर विचारतात आणि कोणी उत्तर दिले नाही तरच पत्ता वापरायला घेतात. या तपासणीची पद्धत २००८ मध्ये नीट लेखी ठरवली गेली. परंतु त्या क्षणी प्रिंटर बंद असेल, तर तो उत्तर कसा देणार? त्याचा पत्ता दुसऱ्याकडे जातो आणि प्रिंटर चालू झाल्यावर टक्कर उघडी पडते. म्हणूनच ही तक्रार नेहमी वापरात असलेल्या फोनपेक्षा प्रिंटरसारख्या अधूनमधून चालू होणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत अधिक दिसते. प्रिंटरला नवा पत्ता मिळाला तरी काम भागत नाही, कारण पुष्कळदा लॅपटॉपने प्रिंटर त्याच्या जुन्या पत्त्यावरूनच लक्षात ठेवलेला असतो आणि तो त्या पत्त्यावर सापडला नाही की ‘ऑफलाइन’ म्हणून मोकळा होतो.

आपल्याकडे याहून गंभीर गोष्टही असण्याची शक्यता आहे. पुष्कळ राउटर कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात, त्यामुळे आपला मोडेम आणि जुना राउटर हे दोघेही त्याच पत्त्यावर बसलेले असू शकतात. मग एखाद्या वस्तूपुरती टक्कर न राहता घराचे मुख्य दारच दोघांच्या नावावर होते, आणि इंटरनेट कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे धावते.

खात्री करून घेण्यासाठी विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘ऑल’ हा शब्द, सगळे इंग्रजी अक्षरांत टाइप करावे. उत्तरात ‘डिफॉल्ट गेटवे’ (इंटरनेटकडे जाण्याच्या दाराचा पत्ता) आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ (पत्ता देणाऱ्याचा पत्ता) अशा दोन ओळी दिसतील. खालच्या वायफायवर असताना त्या लिहून घ्याव्यात, मग वर जाऊन वायफाय बंद-चालू करून पुन्हा पाहाव्यात. आकडे वेगळे आले तर वाटणारे दोन आहेत हे सिद्ध झाले. आकडे सारखेच आले तर ‘एआरपी’ ही आज्ञा, जागा सोडून आडवी रेघ आणि ‘ए’ असे टाइप करावे. कोणता पत्ता कोणत्या उपकरणाकडे आहे याचा तक्ता दिसेल. गेटवेच्या पत्त्यासमोर जो बारा अक्षरांचा मॅक पत्ता (उपकरणाची कारखान्यातून आलेली ओळख) दिसेल तो खाली एक आणि वर दुसरा निघाला, तर दोन उपकरणे एकाच पत्त्यावर आहेत. मॅक पत्ता मोडेमच्या आणि राउटरच्या पाठीवरील स्टिकरवर छापलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहता येते.

प्रिंटरच्या बाबतीतही हीच युक्ती चालते. प्रिंटर बंद करावा, लॅपटॉपवरून त्याच्या पत्त्याला ‘पिंग’ करावे, म्हणजे तेथे कोणी आहे का असे विचारावे, आणि लगेच एआरपीचा तक्ता पाहावा. पिंगला उत्तर आले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण विंडोजचे संगणक पुष्कळदा पिंगला उत्तरच देत नाहीत. तक्त्यात प्रिंटरच्या स्टिकरवरचा नसलेला मॅक पत्ता दिसला, तर तो पत्ता दुसरे कोणी वापरत आहे.

आता उपाय. वरच्या राउटरने फक्त वायफाय पसरवावे, पत्ते वाटू नयेत. त्यासाठी त्याची खालून आलेली वायर आधी काढावी आणि लॅपटॉप एका लहान वायरने थेट त्यालाच जोडावा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हे आकडे इंग्रजी अंकांत टाइप करून राउटरचे पान उघडावे आणि लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करून सेव्ह करावे. राउटर पुन्हा सुरू झाला की या नव्या पत्त्यावर जाऊन पुन्हा लॉग इन करावे आणि मगच डीएचसीपी सर्व्हर बंद करावा. हा क्रम चुकवू नये. डीएचसीपी आधी बंद केला तर लॅपटॉपला पत्ता मिळेनासा होतो, तो १६९.२५४ ने सुरू होणारा तात्पुरता पत्ता स्वतःच घेतो आणि राउटरचे पान उघडत नाही. हे झाल्यावर वायर पूर्वीसारखी पिवळ्या पोर्टातच लावावी. निळ्या किंवा ‘वॅन’ लिहिलेल्या पोर्टात लावली तर वरचा मजला वेगळे नेटवर्क होईल आणि वहिनींच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर सहजी सापडणार नाही.

त्यानंतर खालच्या मोडेमचे पान उघडावे. त्याचे नाव आणि पासवर्ड बहुधा मोडेमच्या तळाशी छापलेले असतात. काही मोडेममध्ये ही पाने सेवा देणाऱ्या कंपनीने ग्राहकासाठी बंद ठेवलेली असतात, तेव्हा ग्राहक सेवेकडूनच काम करून घ्यावे लागते. डीएचसीपीच्या पानावर पत्त्यांची सुरुवात आणि शेवट दिलेला असतो, उदाहरणार्थ शेवटचा आकडा २ पासून २५४ पर्यंत. तो बदलून १०० ते १९९ करावा. शंभर पत्ते एका कुटुंबाला भरपूर होतात आणि १०० च्या खालचे आकडे कायम ठिकाणी राहणाऱ्या वस्तूंसाठी मोकळे राहतात.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी, हा या घरातला तिसरा संशयित आहे. कॅमेरे बसवणारे कारागीर पुष्कळदा डीव्हीआरमध्ये स्वतःच एखादा पत्ता कायम करून जातात आणि राउटरला त्याची खबर नसते. तो आकडा वाटपाच्या यादीतच असेल, तर राउटर निर्धास्तपणे तोच दुसऱ्याला देतो. एखाद्या कंपनीचे सगळे आयपी कॅमेरे कारखान्यातून १९२.१६८.१.१०८ असा एकच पत्ता घेऊन येतात, असेही घडते. असे दोन कॅमेरे एकदम जोडले की ते आपसातच भांडतात. म्हणून एक जोडून त्याचा पत्ता बदलावा, मग दुसरा जोडावा.

कायमचा पत्ता उपकरणात लिहिण्यापेक्षा तो राउटरकडूनच राखून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. मोडेममध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘बाइंडिंग’ अशा नावाचे पान असते. तेथे प्रिंटरचा मॅक पत्ता आणि १९२.१६८.१.२० हा आकडा, डीव्हीआरचा मॅक पत्ता आणि १९२.१६८.१.३० हा आकडा भरावा, आणि त्या दोन्ही वस्तूंमध्ये पत्ता ‘ऑटोमॅटिक’ ठेवावा. काही मोडेम राखीव पत्ताही वाटपाच्या यादीतलाच मागतात. तेव्हा १५० आणि १५१ द्यावेत, ते इतरांना दिले जाणार नाहीत. याचा मोठा फायदा असा की सगळी नोंद एका जागी राहते, आणि उद्या कारागीर बदलला तरी घरात कोणाला कोणता पत्ता आहे हे एका पानावर वाचता येते. सर्व बदल झाल्यावर घरातील प्रत्येक उपकरण एकदा बंद करून चालू करावे, म्हणजे जुन्या राउटरने दिलेले पत्ते सुटतील. लॅपटॉपवर प्रिंटर काढून नव्या पत्त्याने पुन्हा जोडावा.

वीज गेल्यावर बिघडण्याचेही कारण यातच आहे. पुष्कळ राउटरची वाटपाची यादी वीज जाताच पुसली जाते. इन्व्हर्टरवर चालणारा डीव्हीआर मात्र आपला जुना पत्ता धरून असतो, आणि तो मुदतीचा साधारण अर्धा काळ उलटेपर्यंत राउटरला काही विचारतही नाही. कोऱ्या यादीचा राउटर दरम्यान तोच पत्ता दुसऱ्याला देऊ शकतो. वळवाच्या पावसाच्या दिवसांत आपल्याकडे वीज वारंवार ये-जा करते, तेव्हा मोडेमही इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठी मिळणाऱ्या लहान यूपीएसवर ठेवावा. असे यूपीएस जेल रोडच्या बाजारात सहज मिळतात. मोडेमच्या ॲडॉप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर पाहून घ्यावेत.

एक कळकळीची सूचना : कंटाळून मोडेमच्या मागच्या छिद्रात पिन घालून ‘रीसेट’ करू नये. त्याने कंपनीने भरलेली जोडणीची माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग तंत्रज्ञ येईपर्यंत घरभर इंटरनेट बंद राहते.

प्रश्न : स्नेहनगरला आमच्याकडे मुंजीसाठी पाहुणे जमले, तेव्हा काही फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ येथेच अडकले. हीसुद्धा टक्करच का?

उत्तर : नाही, येथे पत्ते संपले असावेत. काही राउटरमध्ये वाटपाची यादी तीस-पस्तीस पत्त्यांचीच असते, आणि मुदत २४ तासांची असेल तर सकाळी येऊन दुपारी गेलेल्या पाहुण्यांचे पत्तेही दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात. यादी वाढवावी आणि समारंभापुरती मुदत दोन तासांवर आणावी. शिवाय अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे राउटरच्या यादीत घरचे फोन ओळखू आले नाहीत तर घाबरू नये. एखाद्या फोनला पत्ता राखून द्यायचा असेल, तर त्या फोनमध्ये घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करावी.

प्रश्न : सूनबाई सुपर कॉरिडॉरवरील एका कंपनीचे काम घरून व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) लावून करतात. बाकी सर्व चालते, परंतु कार्यालयातील एक सर्व्हर तेवढा उघडत नाही. कार्यालयात तोच लॅपटॉप बिनतक्रार चालतो.

उत्तर : सूनबाईंना त्या सर्व्हरचा पत्ता विचारावा. तो १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि आपल्या घराचे नेटवर्कही त्याच आकड्यांचे असेल, तर लॅपटॉप तो सर्व्हर घरातच शोधत बसतो. व्हीपीएनच्या वाटेला जातच नाही. कार्यालयाचे आकडे आपल्याला बदलता येणार नाहीत, घरचे येतात. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ करावा, डीएचसीपीची यादीही ५० च्या मालिकेत आली आहे ना हे पाहावे, आणि प्रिंटर किंवा कॅमेऱ्यात कोणी जुना पत्ता हाताने लिहून ठेवला असेल तर तोही त्याच दिवशी बदलून घ्यावा.