कॅलिफोर्नियात कॉलेजच्या इमारतीचा खर्च वाढला तर राज्याचे बाँड तो भरून काढतात का?

आपोआप तर नाहीच. मतदारांनी जेवढ्या रकमेला होकार दिला, तेवढेच बाँड (कर्जरोखे) राज्याला काढता येतात. सिमेंट-लोखंड महागलं म्हणून तो आकडा वाढवून मिळत नाही, त्यासाठी पुन्हा मतदान. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेला प्रपोझिशन 2 (मतदारांपुढे ठेवलेला बाँडचा प्रस्ताव) घ्या: एकूण 10 अब्ज डॉलर, पण कम्युनिटी कॉलेजांच्या (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या) वाट्याला फक्त दीड अब्ज, बाकी शाळांना. या कर्जाची परतफेड अंदाजे वर्षाला 50 कोटी डॉलर, तीही 35 वर्षं! आणि मतदार दर वेळी हो म्हणतातच असं नाही. मार्च 2020 मधला 15 अब्जांचा प्रस्ताव त्यांनी सरळ फेटाळला होता.

मग टेंडर अंदाजापेक्षा चढं आलं तर काय होतं? एक तर काटछाट, म्हणजे एखादी प्रयोगशाळा कमी नाहीतर फिनिशिंग साधं. नाहीतर कॉलेज डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातली कम्युनिटी कॉलेजं चालवणारी संस्था, स्वतःच्या स्थानिक बाँडमधून भर घालतं, आणि खरा भार बहुतेकदा इथेच येतो. 2000 च्या प्रपोझिशन 39 नुसार अशा बाँडला 55 टक्के मतं पुरतात, पण कम्युनिटी कॉलेजच्या एका बाँडपायी घराच्या करपात्र किमतीच्या दर लाख डॉलरमागे वर्षाला 25 डॉलरपेक्षा जास्त कर बसेल असा अंदाज चालत नाही. म्हणजे 6 लाख डॉलर करपात्र किमतीच्या घराला वर्षाला जास्तीत जास्त 150 डॉलर. शिवाय दरवर्षी ऑडिट आणि वर नागरिकांची देखरेख समिती. हे पैसे पगाराकडे वळवता येत नाहीत, ही अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.