आई, तूच काढून दे ना!

प्रश्न: ताई, माझा मुलगा पावणेपाच वर्षांचा आहे, सीनियर केजीला जातो. आधी भिंत, फ्रिज, दिसेल तिथे रेघोट्या मारायचा, म्हटलं आवड आहे तर शिकू दे म्हणून ड्रॉइंग क्लास लावला. आता तीन महिन्यांत उलटंच झालंय, कागद समोर ठेवला की म्हणतो मला येत नाही, तूच काढून दे. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, तेवढंच, आणि रंग रेषेबाहेर गेला की रडारड. रंगवायची पुस्तकं पण सहा आणलीयेत. काय चुकतंय?
– एक आई, नाशिक

उत्तर: अहो, ते दोन डोंगर आणि मधला सूर्य आपण सगळ्यांनीच काढलेत, आणि खरं सांगा, असा सूर्य तुम्ही प्रत्यक्षात किती वेळा बघितला? ते चित्र मुलाचं नाहीचे, ते मोठ्यांनी हातात दिलेलं आहे. तुमचा मुलगा रेघोट्या मारत होता तेव्हाच तो खरं काम करत होता. साधारण दोन ते चार वर्षांची असताना मुलं नुसत्या रेघोट्या मारतात, मग त्यातून गोल येतो, मग त्या गोलालाच हातपाय फुटतात, पोट नाही मान नाही, आणि तो झाला बाबा! असा माणूस जगभरातली मुलं काढतात, कोणी न शिकवता. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी हे टप्पे मांडले आणि ते रंगवायच्या पुस्तकांच्या ठाम विरोधात होते. कारण छापील पोपट समोर आला की मुलाला आपला पोपट वाकडा वाटायला लागतो, तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

तेव्हा क्लास सध्या बंद करा, माझं स्पष्ट मत. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा सातवी-आठवीच्या आसपास देतात, आत्तापासून कसली घाई. ती सहा पुस्तकं माळ्यावर टाका.

"तूच काढून दे" म्हणाला तर काढून देऊ नका, पण "मला नाही माहीत जा" असंही नको. मांजर हवी असेल तर विचारा, खालच्या मजल्यावरची मांजर कशी बसते रे, शेपूट कुठे असते तिची? बोलता बोलता हात चालू होतो. नाही झाला तर त्या दिवशी राहू दे. आणि काढलं की "हे काय आहे?" विचारायचं नाही, "वा वा छान" पण सारखं नको. त्यापेक्षा "इथे खूप जोरात दाबून लाल लावलायस की" एवढंच म्हणा, पुढची गोष्ट तोच सांगेल, पाणी प्यायला पण उठणार नाही.

सामान महाग लागत नाही. पाठकोरे कागद, खडू, गेरू, बाबांचा जुना टीशर्ट ॲप्रन म्हणून. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसं पाणी घालून गोळा मळा, थोड्याला हळद लावा थोड्याला बीटाचा रस, दुपार निघून जाते (हळदीचे डाग फरशीवर राहतात, माझ्याकडे अजून आहेत!). पसाऱ्याचा राग येत असेल तर बाथरूमच्या टाइल्सवर रंगवू दे, नंतर तिथेच आंघोळ.

आणि दिवाळीत किल्ला करू द्या, पण रेडीमेड आणायचा नाही हां. माती, दगड, विटा, जुनं गोणपाट एवढं आणून द्यायचं आणि आपण बाजूला बसून चहा प्यायचा. बाबा लोकांना इथे फार हुक्की येते, बुरूज सरळ करायला जातात, त्यांना आवरा. अळीव कुठे पेरायचं, मावळे कुठे उभे करायचे ते त्यालाच ठरवू दे, महाराज गडावर बसायच्या ऐवजी खाली तळ्याकाठी बसले तरी हलवू नका.