वजन कमी करताना सतत भूक लागते, काय करावे?

आधी जेवण किती कापलंय ते बघा. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी, एवढं पुरे. एकदम १००० कॅलरींवर उतरलात तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन जोर धरतं आणि रात्री फरसाणाचा डबा उघडला जातोच. तो तुमच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे.

दुसरं मोठं कारण म्हणजे सकाळी नुसते पोहे आणि चहा. त्यात प्रथिनं नावापुरती, म्हणून अकरालाच पोटात कावळे ओरडतात. पोहे निम्मे करा, सोबत वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ किंवा दोन उकडलेली अंडी (साधारण १२ ग्रॅम प्रथिनं) घ्या. दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

जेवताना आधी कोशिंबीर, मग उसळ-वरण, शेवटी भाकरी. दुसरी भाकरी घेण्याआधी जरा थांबा, कारण पोट भरल्याची जाणीव व्हायला सुमारे २० मिनिटं लागतात. फोडणीचं तेल मोजूनच घाला: एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात आणि त्याने पोट भरत नाही. चारच्या भुकेला पातळ ताक आणि मूठभर फुटाणे.

झोप अपुरी असेल तर हे सगळं करूनही भूक हटत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भुकेबरोबर घाम आणि थरथर सुटली, तर साखर उतरलेली असू शकते. तेव्हा डाएट बाजूला ठेवून लगेच तीन छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यातून घ्या.