डावी बाजू सुटली म्हणून

प्रिय पोरा,

तुझा मेसेज काल रात्री अकराला पाहिला आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही. रागात असलेला माणूस उत्तर वाचत नाही, त्यातलं आपल्या बाजूचं वाक्य तेवढं शोधतो. आता सकाळ झाली, चहा झाला असेल, तर वाच.

फुटबॉल संघाच्या नव्या कोचनी तुला डाव्या विंगवरून, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेवरून काढलं आणि बचावफळीच्या पुढ्यात, मधोमध उभं केलं. "मला बाजूला सारलं," असं लिहिलंयस. अरे, बाजूलाच होतास की तू! आता मध्ये आणलंय. पण हसण्यावारी नेत नाही, कारण तुझं दुःख खरं आहे. लाइन धरून पळायचं, बॅकला, म्हणजे समोरच्या बचावपटूला चकवायचं, कडेवरून गोलसमोर क्रॉस टाकायचा आणि लोकांनी ओरडायचं. मध्ये खेळणाऱ्यासाठी कोणी ओरडत नाही.

तुला एका मेक्सिकन खेळाडूची गोष्ट सांगतो. कोल्हापुरात वर्ल्ड कप म्हणजे ब्राझील नाहीतर अर्जेंटिना. मेक्सिकोचा झेंडा मी आपल्या पेठेत एकदाही पाहिलेला नाही, त्यामुळे आंद्रेस ग्वार्दादो हे नाव तू ऐकलं नसशील. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही अर्जेंटिनामुळेच. २४ जून २००६, लाइपझिग, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. अर्जेंटिनाविरुद्ध बाद फेरीचा सामना आणि मेक्सिकोच्या डाव्या कडेला एकोणीस वर्षांचं पोरगं. ग्वादालाहाराच्या आत्लास क्लबकडून त्याला पहिला सामना मिळून वर्षही झालं नव्हतं. मेक्सिकोचे कोच होते ला व्होल्पे, स्वतः अर्जेंटिनाचे. जादा वेळेत मॅक्सी रॉड्रिगेझनं लांबून मारलेला गोल अजून सगळ्यांना आठवतो. मला मात्र ते पोरगं आठवतं. डावा पाय, वेग, आणि समोर कोण आहे याची फिकीर नाही. थोडक्यात, तुझ्यासारखंच.

पुढच्या वर्षी तो स्पेनला गेला, देपोर्तिवो ला कोरुन्या क्लबकडे. तिथे दुखापतींनी पिडलं आणि २०११ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. गडी तिथेच राहिला, दुसऱ्या श्रेणीत ११ गोल केले, संघाला पुन्हा वर आणलं आणि मगच स्पेनमधल्याच व्हॅलेन्सिया क्लबला गेला. तिथे काय झालं असेल? त्याला अनेकदा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू म्हणून खेळवू लागले. म्हणजे तुझ्यासारखंच, फक्त आणखी मागे. मग २०१४ च्या जानेवारीत जर्मनीतल्या लेव्हरकुसेन क्लबला उसना, म्हणजे ठरावीक काळापुरता धाडला. तिथे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच सामने मिळाले. तो काळ त्याला घडवून गेला वगैरे मी म्हणणार नाही. काही महिने नुसते वायाच जातात. तुझेही जातील.

त्याच वर्षी जूनमध्ये, ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपात, फोर्तालेझाला मेक्सिको हॉलंडविरुद्ध ८८ व्या मिनिटापर्यंत एका गोलनं पुढे होता आणि तरी हरला. दोनच महिन्यांत ग्वार्दादो हॉलंडमध्येच होता, आइंडहोवनच्या पीएसव्ही क्लबात, पुन्हा उसना. त्या दिवशी समोर खेळलेले वायनाल्डम आणि देपाय आता त्याचे सोबती. तिथले कोच फिलिप कोकू, जे खेळायचे तेव्हा स्वतः मधल्या फळीतले. त्यांनी या डाव्या कडेच्या माणसाला मैदानाच्या मध्यात आणलं. त्या मोसमात पीएसव्हीनं लीग जिंकली, २००८ नंतर पहिल्यांदा. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, शेवटच्या दिवशी.

तेव्हाचे त्याचे सामने मिळतील तेवढे बघ. गोल बघू नकोस, बहुतेक वेळा ते त्याचे नसतातच. चेंडू दुसऱ्याकडे असताना त्याची मान बघ. विंगवर एका अंगाला लाइन असते, तिकडून कोणी येत नाही. मध्ये चारी बाजूंनी येतात, आणि जो पाठीमागून येतो तोच चेंडू काढून नेतो. म्हणून ग्वार्दादो चेंडू येण्याआधीच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघून ठेवायचा. चेंडू पायाशी येईपर्यंत पास कुणाला द्यायचा हे ठरलेलं असायचं. अंगही सरळ नाही, थोडं तिरकं, म्हणजे पहिल्याच स्पर्शात वळता यावं. आणि डाव्या पायाचा फायदा तिथेही आहेच. उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे पास द्यायला चेंडू आधी फिरवून घेतो, तुला फिरवावा लागत नाही. तो अर्धा सेकंद तुझा. विंगवर असताना आपल्या हाफ, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूनं पास कधी द्यावा म्हणून तू किती शिव्या घातल्यास, आठवतंय? आता तो पास तूच द्यायचा आहेस, आणि कधी द्यायचा हे तुला पक्कं माहीत आहे.

तुझ्या मेसेजमध्ये पेनल्टी न घेतल्याचंही आलंय, ओझरतं. त्यावर एवढंच. २०१५ च्या गोल्ड कपची, म्हणजे मेक्सिकोच्या भागातल्या देशांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, अटलांटा. पनामाचे दहाच खेळाडू उरलेले, तरी ते एका गोलनं पुढे, आणि ऐन शेवटी मेक्सिकोला पेनल्टी मिळाली. पंचांचा तो निर्णय मला अजूनही पटत नाही. मैदानात धक्काबुक्की, खेळ दहा मिनिटं थांबला. एवढा वेळ चेंडूपाशी थांबून ग्वार्दादोनं ती मारली, जादा वेळेत दुसरीही मारली, आणि आनंद साजरा केला नाही. मुद्दाम बाहेर मारावी असं मनात येऊन गेल्याचं त्यानं नंतर कबूल केलं. माणूस म्हणून तो मला तिथे जास्त आवडला. अंतिम सामन्यात जमैकाविरुद्धही गोल केला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण ते राहू दे. पेनल्टी घ्यायला पुढे जाताना पोटात गोळा येतो, त्यालाही आला असणार. तरी पुढे जायचं.

तिशीत तो स्पेनमधल्या सेव्हिलच्या बेटिस क्लबकडे गेला. विंगवर राहिला असता तर त्या वयाला पाय संपले असते, असं माझं मत. तिथे तो आणखी सहा वर्षांवर खेळला. २०२२ मध्ये कोपा देल रे या स्पेनमधल्या चषकाचा अंतिम सामना टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टींवर गेला, समोर जुना क्लब व्हॅलेन्सिया. त्यानं आपली किक जाळ्यात घातली आणि चषक बेटिसचा झाला.

वर्ल्ड कपचं म्हणशील, तर पाच खेळला. मेक्सिकोत तेव्हा लोक 'पाचव्या सामन्या'ची वाट बघायचे, म्हणजे उपांत्यपूर्व फेरीची. २०२२ पर्यंत तिथवर ते दोनदाच पोहोचले होते, १९७० आणि १९८६ मध्ये, दोन्हीदा घरच्या मैदानावर. ग्वार्दादोचा जन्म १९८६ च्या सप्टेंबरातला, म्हणजे तो आनंदही ओसरल्यावरचा. पुढे चार वर्ल्ड कपांत तो चौथ्या सामन्यात हरला, आणि पाचव्यात तर चौथा सामनाही मिळाला नाही. २०२२ ला कतारमधल्या लुसैलमध्ये पुन्हा अर्जेंटिना, पुन्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. छत्तिसाव्या वर्षी तो कर्णधार म्हणून उतरला आणि मध्यंतराआधीच दुखापतीनं बाहेर गेला. मेक्सिकोसाठी त्याच्याइतके सामने कोणीच खेळलेलं नव्हतं, पावणेदोनशेच्या वर. २०२४ मध्ये मायदेशी, लिऑन क्लबकडून खेळून थांबला.

तुझे कोच कोकू आहेत असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांच्याकडे दुसरा माणूस नव्हता म्हणूनही तुला तिथे टाकलं असेल. तेही विचार, पण वर्तमानपत्रात नाव का आलं नाही या सुरात विचारू नकोस. "मी मध्ये काय केलेलं तुम्हाला हवंय?" एवढंच विचार. उत्तर धड आलं नाही, तर मला सांग.

रविवारच्या सामन्याला मी येतोय. नेहमीच्या जागी, पायऱ्यांवर. तू पास किती दिलेस ते बघणार नाही. चेंडू यायच्या आधी मान किती वेळा वळली, तेवढं मोजणार आहे.

तुझा,
सर