स्ट्रॉमबर्ग उतरवून ल्यूकास चढवताना

प्रश्न : माझ्या १९६८ च्या ट्रायम्फ टीआर२५० वर दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर आहेत. याच इंजिनाची टीआर५ ल्यूकासच्या मेकॅनिकल इंजेक्शनवर चालायची. मला एका टीआर६ पीआयची (पेट्रोल इंजेक्शनवाल्या मॉडेलची) जुनी इंजेक्शन सामग्री मिळते आहे. जशीच्या तशी बसेल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : बसेल, पण जशीच्या तशी नाही. २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन मुळात तेच, पण कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन आणि पेट्रोलची टाकी वेगळी. बहुतेक जण कॅमपाशीच फसतात.

ल्यूकासचं मीटरिंग युनिट, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल मोजून देणारा भाग, आत जाणारी हवा मोजत नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरला हवा नेणाऱ्या नळ्यांमधला व्हॅक्यूम त्याचा डायफ्रॅम ओढतो आणि त्यावर आतलं शटल किती सरकणार ते ठरतं. शटल जितकं सरकेल तितकं पेट्रोल. व्हॅक्यूम घसरला की युनिट समजतं, इंजिनावर लोड आला, आणि पेट्रोल वाढवतं. इंजिन नंबर ‘सीपी’ने सुरू होणाऱ्या, १५० अश्वशक्तीच्या टीआर६ चा कॅम ३५-६५-६५-३५ (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचे अंश) असा तिखट. तुमचा १०-५०-५०-१०, अगदी मवाळ. मवाळ कॅमवर व्हॅक्यूम जास्त, म्हणून सीपीचं युनिट हात आखडता घेतं आणि गाडी आयडलिंगला अडखळते. तेव्हा कॅम आणि युनिट एकाच जोडीचे घ्या. विकणाऱ्याला इंजिन नंबर सीपी की सीआर, हे आधी विचारा. सीआर म्हणजे नंतरचं १२५ अश्वशक्तीचं इंजिन. त्याच्या युनिटचं कॅलिब्रेशन वेगळं. कॉम्प्रेशनही तपासा : सीपीचं ९.५ ला १, तुमचं ८.५ ला १.

युनिट कॅमशाफ्टच्या वेगाने, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतं. त्याची ड्राइव्ह डिस्ट्रिब्युटरखालच्या पेडेस्टलमधून (बैठकीतून) येते, म्हणून पीआयचं पेडेस्टलही सामग्रीत हवंच. ब्लॉकवरचा जुना मेकॅनिकल पंप काढून ते तोंड प्लेट आणि गॅसकेट लावून बंद करा.

आता पेट्रोलची बाजू. कार्ब्युरेटरला दोन-तीन पीएसआय (प्रेशरचं एकक) पुरतात. इथे रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह, १०५ ते ११० पीएसआयवर लावायचा असतो. जुनी रबरी नळी हे प्रेशर सोसणार नाही. रिलीफ व्हॉल्व्हचं जादा पेट्रोल आणि युनिटचं परतीचं पेट्रोल टाकीत परत जायला हवं. तुमच्या टाकीला ती तोंडं नाहीत. जुन्या टाकीला वेल्डिंग करायच्या फंदात पडू नका, पेट्रोलची वाफ आत राहते. पीआयचीच टाकी घ्या. पंपाला स्वतंत्र रिले, फ्यूज आणि जाड वायर द्या. व्होल्टेज पडलं की प्रेशरही पडतं. अपघातात पंप बंद करणारा इनर्शिया स्विच विसरू नका.

पहिल्यांदा सुरू करताना कॉइलची वायर काढा, अग्निशामक हाताशी ठेवा. एकेक इंजेक्टर मॅनिफोल्डमधून उपसून काचेच्या बरणीत धरा, पंप चालू करून स्टार्टर फिरवा. आधी हवा थुंकेल, मग धुक्यासारखा शंकू दिसेल. शंकूऐवजी धार किंवा थेंब पडत असतील, तर तो इंजेक्टर साफ करायला द्या.

इंजिन सुरू झालं, पण काळा धूर आणि पेट्रोलचा वास येतो? मीटरिंग युनिटच्या स्क्रूला हात लावण्याआधी व्हॅक्यूमची नळी आणि थ्रॉटलचे स्पिंडल तपासा. झिजलेल्या स्पिंडलमधून हवा शिरली की व्हॅक्यूम घसरतो आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त पडतं. युनिटच्या तळच्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकलं तर सील गेलं. दुर्लक्ष केलंत तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नका. तुमच्याकडच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे सगळी सील व्हिटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) हवीत.

प्रश्न : माझ्या टीआर६ पीआयचा पंप उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये, टाकी पाव भरलेली असताना किंचाळतो आणि गाडी बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा चालते.
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : परतीचं पेट्रोल गरम होऊन टाकीत येतं. टाकीत थोडंच असेल तर सगळंच तापतं, ओढताना त्याची वाफ होते आणि पंपाला हवा चावायला लागते. पंपाआधीचा फिल्टर चोंदला असेल तर हे लवकर होतं. जुना ल्यूकास पंप स्वतःही तापतो. बॉशचा पंप लावणार असाल तर टाकीच्या पातळीखाली बसवा. तो ढकलतो छान, ओढतो वाईट. पंपाआधी मोठ्या तोंडाचा, कमी अडवणारा फिल्टर लावा. बारीक फिल्टर पंपानंतर, तोही हाय प्रेशरचा. तोवर उन्हाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.