वाचकांचे प्रश्न : दहा जणांचा पुढारी

प्रश्न : ज्यू धर्मग्रंथांत नेत्याचे कोणते गुण सांगितले आहेत?

उत्तर : तोरा या मूळ ज्यू धर्मग्रंथातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात ज्यूंचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसतो. सासरा इथ्रो त्याला बजावतो की, अशाने तूही थकशील आणि लोकही. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसे नेम. ती कर्तबगार, देवभीरू, खरी आणि लाचेचा तिटकारा असलेली हवीत. मोशेबरोबरचे 6 लाख पुरुष धरून तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाने हिशेबही मांडला आहे : अनुक्रमे 600, 6,000, 12,000 आणि 60,000, म्हणजे 78,600 अधिकारी! एवढी गुणी माणसे आणायची कुठून? तोरातल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे शहाणे, समजूतदार आणि नावाजलेले लोक मागतो. प्रत्यक्ष नेमणुकीच्या वाक्यात ‘समजूतदार’ हा शब्दच गळालेला आहे. तसे कोणी सापडलेच नाहीत, असे 11व्या शतकातला भाष्यकार राशी म्हणतो.

प्रश्न : सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) सगळे रब्बीच्याच, म्हणजे धर्मगुरूच्याच, हाती असते का?

उत्तर : नाही. सामुदायिक प्रार्थनेला मिन्यान, म्हणजे 10 प्रौढ लागतात (परंपरेने 13 वर्षांवरचे पुरुष, सुधारणावादी मंडळींत स्त्रियाही धरतात). रब्बी नसला तरी अडत नाही. प्रार्थना चालवणारा हा मंडळीचा दूत. 16व्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मनियमांच्या ग्रंथानुसार तो निष्कलंक, नम्र, लोकांना मान्य, गोड गळ्याचा आणि धर्मग्रंथ वाचायची सवय असलेला हवा. सगळेच गुण एकात नसतील, तर ज्ञान आणि सत्कर्मे यांत सरस असेल तो निवडावा. गळा बाजूला राहतो, आणि ते बरेच आहे. आवाज ऐकवण्यासाठी प्रार्थना लांबवणाऱ्याला तोच ग्रंथ दोष देतो, कारण ताटकळतात ते लोक.

प्रार्थना चालवायला आयत्या वेळी पुढे बोलावले, तर पहिल्यांदा नाही म्हणायचे, दुसऱ्यांदा उठायची तयारी करायची, तिसऱ्यांदा जायचे. मुळीच आढेवेढे न घेणे म्हणजे अळणी जेवण, आणि फार घेणे म्हणजे खारट, असे तालमूद म्हणतो. कायम नेमलेल्याने मात्र हा उपचार करायचा नसतो.

पैशाच्या बाबतीत गुणांवर भिस्त ठेवलेलीच नाही. धर्मादाय निधी दोघांनी मिळून गोळा करायचा आणि तिघांनी वाटायचा. कोणाला किती द्यायचे हा निवाडाच असतो, आणि पैशाच्या निवाड्याला तीन न्यायाधीश लागतात.