मोबाईलवर लोक साईट बघतात पण ऑर्डर करत नाहीत, काय बदलू?

आधी फॉर्म बघा, रंगबिंग नंतर. वायफाय बंद करून स्वतःच्या फोनवर एका हाताने अख्खी ऑर्डर करून बघा, कुठे वैताग येतो ते लगेच कळतं. इनपुटचा (म्हणजे माहिती टाइप करायच्या चौकटीचा) फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर सफारी टॅप केल्या केल्या पेज झूम करतं आणि मग माणूस पेज इकडेतिकडे सरकवत बसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. फोन नंबरला आकड्यांचाच कीबोर्ड उघडू दे, ऑटोफिल, म्हणजे नाव-पत्ता आपोआप भरला जायची सोय, चालू ठेवा (काही डेव्हलपर मुद्दाम बंद करतात, का ते देव जाणे) आणि अकाउंट उघडायची सक्ती तर काढाच, हवं तर पेमेंट झाल्यावर विचारा. बटणं ४८ पिक्सेलची तरी हवीत. आल्या आल्या येणारा पॉपअप? उडवा.